सीटखालचं पाकीट

चोवीस वर्षं मी या गावात टपाल वाटते.
माझ्या जीपचं स्टीअरिंग उजव्या बाजूला,
म्हणजे खिडकीतून हात काढला
की थेट पेटीत.
कुणाची पेन्शन, कुणाचा घटस्फोट,
कुणाच्या पोराला कुठल्या कॉलेजनं नाही म्हटलं,
पाकिटाच्या वजनावरून कळायचं मला
त्यांच्या आधी.
कधी बोलले नाही. तशी शपथच असते.

यंदा मात्र अर्धी पिशवी माझ्याच घरची.
चकचकीत पुस्तिका, जानेवारीपासून.
प्रत्येकीत तेच लालभडक मेपल,
खाली तीन मुलं, हसतायत,
आणि एकाच्याही मांडीवरचं पुस्तक
उघडलेलं नाही.
ऐली म्हणाली, "आई, हे झाड भाड्यानं मिळत असणार."

शेजारचा टोइवो कुंपणावरून विचारायचा,
"असल्या कॉलेजात शिकून
माणूस नक्की होतो काय?"
त्याची तिन्ही पोरं वेल्डर.
मी म्हटलं, "होतो. जरा उशिरा होतो."

शेवटी दोनच उरली.
एक पूर्वेचं, मासाच्युसेट्समधलं,
दगडी कमानी, दर पंधरा मिनिटांनी घंटा.
तिथला मुलगा आम्हाला दाखवत होता सगळं
उलट्या पावलांनी चालत,
एकदाही मागे न बघता,
एकदाही न अडखळता.
मला वाटलं, हेच शिकवत असतील इथे.

दुसरं आयोवात, मक्याच्या रानात,
बर्फ वितळून नुसता चिखल.
भूगर्भशास्त्राच्या बाईंनी, मिसेस व्हॅन्डरझी त्यांचं नाव,
ऐलीच्या हातात दोन तुकडे ठेवले.
"जिभेला लावून बघ.
चिकटला तर जुनं हाड, नाही चिकटला तर दगड."
आणि माझी मुलगी,
जी माझ्या हातची माशांची आमटी
वास घेऊन परत सारते,
तिनं दोन्ही चाटले.

मग एप्रिलच्या एकवीस तारखेला ते आलं.
पूर्वेचं, आर्थिक मदतीच्या खात्याकडून, पातळसं.
अशी पत्रं मी हजारदा वाटली आहेत.
काचेसमोर उजेडात धरलं.
आकडा दिसला नाही.
सीटखाली, मिठाच्या पोत्यामागे,
सरकवलं.

पैसे दिले असतील तर ती अकराशे मैलांवर.
नसतील तर ती कर्ज काढणार, किंवा रडणार,
किंवा, हे वाईट,
माझ्याकडे बघून रडणार नाही.
मला दोन्हीतलं एकही उत्तर घरात नको होतं.
तीन दिवस हिंडवलं मी ते पत्र
गावभर, माझ्याच हद्दीत,
दुसऱ्या कुणाचं असतं तर नोकरी गेली असती.
खड्डा आला की पोतं हलायचं
आणि माझ्या पोटात गोळा.

चौथ्या दिवशी टेबलावर ठेवलं.
कोपऱ्याला मीठ लागलेलं.
तिनं फोडलंच नाही.
"मंगळवारीच ईमेल आला आई.
सगळे पैसे देतायत ते."
मग चमच्यानं साखर ढवळत,
"तू कधी देतेस, ते बघत होते."

मी काय बोलणार?
पाणी उकळत ठेवलं, आधीच उकळलेलं.
ती म्हणाली, "मी आयोवाला हो कळवलंय."

"माझ्यामुळे?"

"नाही गं. त्या दगडामुळे."

लगेच म्हणाली. फार लगेच.
माझी मुलगी खोटं बोलते तेव्हा
डावी भुवई खाजवते;
हात साखरेच्या चमच्यात अडकलेला होता,
त्यामुळे काही कळायला मार्ग नाही.

काल सरोवराकाठच्या फेरीत
शेवटची पेटी झाल्यावर जीप थांबवली.
काठाला काळपट बर्फ अजून आहे.
एक खडा उचलला, हातमोज्यानं पुसला,
इकडेतिकडे पाहिलं,
जिभेवर ठेवला.

चिकटला नाही.
तरी थोडा वेळ तसाच धरून ठेवला.